कड न कापलेलं पुस्तक

आमचं आडनाव जिनगर. जीन म्हणजे खोगीर.
पणजोबांनी संस्थानच्या घोड्यांची खोगिरं शिवली,
आजोबांनी थोडी खोगिरं, थोड्या वह्या,
वडिलांनी नुसती पुस्तकं.
आरी तीच. मेण लावलेला दोराही तोच.
घोडे कुठं गेले ते घरात कुणी सांगितलं नाही,
परत आलेल्या खोगिरांवरचे डाग मात्र
पणजोबांना घासून काढावे लागायचे.

शनिवार पेठेतल्या आमच्या दुकानात
ती कादंबरी पहिल्यांदा आली तेव्हा मी सात वर्षांची.
वाचनालयाचा ज्ञानू सायकलवरून गठ्ठा आणायचा.
वडील म्हणाले, ‘ह्याचं एकच पान सुटतं बघ.’

तोफा फार नाहीत तिच्यात.
पलटणीचा एक लंगरी आहे, नाव शेवटपर्यंत कळत नाही.
तो एकशे अकरा जणांची कणीक मळतो.
मग ब्याण्णवांची. मग चौसष्टांची.
ज्यांचं घ्यायला कुणी उरलं नाही ती पत्रं
परातीखाली दाबून ठेवतो.
आणि दोनशे बाराव्या पानावर,
एकोणीसच उरलेले असताना,
पुन्हा एकशे अकरांची मळून बसतो.
कुणी रागवत नाही.
एकोणीस जण परातीभोवती बसतात
आणि फडकं टाकलेल्या त्या गोळ्याकडं बघत राहतात.
ते पान सुटतं.

चारदा बांधलं आम्ही. दोनदा वडिलांनी, दोनदा मी.
दर खेपेला समासात माणसं वाढलेली.
‘खोटं. लंगर असा चालत नाही.
सुभेदार भू. आ. मगदूम, शिरोळ.’
निळी शाई, कडक अक्षर.
त्याखाली तेच अक्षर, थरथरतं, बॉलपेननं:
‘चालतो. बासष्टला मी रजेवर होतो.’
कोपऱ्यात कुणा मुलीनं पेन्सिलीनं:
‘आई अजून चार भाकरी जास्तच थापते. अण्णा’
पुढचं खोडलेलं.
रबराचा चुरा मला शिवणीत सापडला.
एकानं नुसता हिशेब मांडलाय, एकशे अकरातून एकोणीस वजा,
खाली रेघ मारलीय, उत्तर लिहिलेलं नाही.

विद्यापीठातून तिच्यावरचे प्रबंध येतात बांधायला.
‘प्रभाव’ हा शब्द प्रत्येकाच्या पुठ्ठ्यावर असतोच,
म्हणून त्याचे खिळे मी वेगळ्या डबीत
जुळवूनच ठेवलेत.
प्रबंध मला कळत नाहीत, माझं आपलं शिवण्यापुरतं वाचणं.

पण मागल्या साली उचगावच्या एका पोराची
पहिलीच कादंबरी आली, महापुरावरची.
युद्ध नाही. पंचगंगा आहे,
शाळेच्या गच्चीवर अडकलेलं गाव आहे,
आणि एक बाई डब्याच्या तळचं पीठ झाडून घेते,
बुडालेल्या गल्लीची माणसंही हिशेबात धरून
कणीक भिजवायला लागते.
माझी सुई थांबली.
फोन केला त्याला. ‘लंगरीचं पुस्तक वाचलंयस काय रे?’
‘कुठलं?’ म्हणाला.
मग जरा थांबून, ‘आमच्या शाळेत एक सर होते,
पाऊस लागला की तास सोडून कसलीतरी गोष्ट सांगायचे.’

काल ती पाचव्यांदा आली.
खळ शिजवली. खळ म्हणजे तरी काय, पीठच,
मोरचूद घातला की कसर लागत नाही.
शिवली, पाठ गोल केली,
कड कापायला मशीनखाली धरली.
दोन सूत. एवढंच जातं.
दोन सुतात सुभेदार जातो
आणि चार भाकरी.
पातं वर घेतलं.

आज ग्रंथपाल बाईंचा फोन.
पुस्तक ओबडधोबड आलंय म्हणे,
फळीच्या बाहेर येतंय, कपाटाचं दार लागत नाही.
म्हटलं, कटिंगचे पैसे लावले नाहीत, बिल बघा.