अर्धी बाटली

मल्लाप्पा गवळी चप्पल दाराबाहेर काढून आत आलाय,
जणू देवळात.
टेबलावर मोरणी, त्याची कारवानी कुत्री,
पोट भादरलेलं, सडाखाली लिंबाएवढी गाठ.
पुढच्या पायाला रबर आवळून मी शीर शोधते.

"डॉक्टर, त्ये पांढरं काय वो? दूध?"

सगळेच विचारतात.
भुलीचं औषध आहे, म्हणते मी, दिसतं दुधासारखं.
आणि हात थांबतो.

ही बाटली कालची.
काल संध्याकाळी फोडलेली, अर्धी उरलेली.
शिकलगारने तिच्या बुचावर चिकटपट्टी लावली,
पट्टीवर तारीख घातली शाळकरी अक्षरात,
आणि रात्रभर ठेवली फ्रीजमध्ये, लशींच्या शेजारी.
साडेतीनशे रुपयांची वस्तू
टाकायची कशी,
हे आम्ही दोघंही एकमेकांशी बोललो नव्हतो.

आत सोयाबीनचं तेल, अंड्याचा बलक,
घुसळून एकजीव केलेला.
सुईच्या टोकावर बसून एखादा जंतू आत उतरला
की त्याला रात्रभर पंगत.
आणि हे दूध नासलं तरी फाटत नाही,
आंबूस येत नाही,
सकाळी पाहावं तर तसंच शुभ्र.

जूनमध्ये सुतारवाड्यातल्या आवटीबाईंचं मांजर.
साधं ऑपरेशन, स्वच्छ जखम, वीस मिनिटांचं काम.
पाचव्या दिवशी टाके गरम,
आठव्या दिवशी पू.
मी म्हटलं होतं, चाटलं असणार. कॉलर का काढलीत?
त्या म्हणाल्या होत्या, हो, चुकलंच.
मी कोपरापर्यंत हात घासले होते,
अवजारं वाफेतून काढली होती,
सगळ्या दारांना कड्या घातल्या होत्या
आणि सरळ शिरेतून, माझ्याच हातानं...
कदाचित.
कदाचित नाहीही. एका मांजरावरून
काहीच सिद्ध होत नाही, हे मला शिकवलेलं आहे.

मल्लाप्पा बोलतोच आहे, घाबरलेली माणसं बोलतात तसा:
"आमी बी सकाळच्या धारंचं दूध
रातच्याला गिऱ्हाइकाला देत न्हाई बघा.
गंगावेशीत म्हस उभी, तोंडासमोर पिळायचं,
फेस बसायच्या आत ग्लास रिकामा.
उरलं तर घरी. इकायचं न्हाई."

मी बाटली बेसिनमध्ये ओतते.
पांढरी रेघ जाळीपर्यंत जाते, नळ सोडला की जाते.
शिकलगार बघतो. मग न सांगता
नवी बाटली काढतो, झाकण उडवतो,
स्पिरिटनं बूच पुसतो
आणि वाळेपर्यंत थांबतो. आज थांबतो.

मोरणीची मान जड झाली.
जीभ बाजूला घरंगळली.
भूल लांबली की अंग गार पडतं,
अंग गार पडलं की रक्तातले राखणदार पेंगतात,
म्हणून गरम सलाईनच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून
तिच्या बगलेत,
आणि माझी नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे.
अठ्ठावीस मिनिटं.
शेवटची गाठ मारताना ती एकदा स्वप्नात पळाली.

पाचव्या दिवशी तो तिला मोटारसायकलवर
पुढ्यात बसवून घेऊन आला.
पट्टी सोडली. गॉज नाकाशी नेला.
"आमी किटली आशीच हुंगतो," मल्लाप्पा हसला.
कोरडं होतं. फक्त कापसाचा वास.

ते गेल्यावर आवटीबाईंचा नंबर काढला.
काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पाऊस कसा आहे विचारलं.
मांजर छान आहे म्हणाल्या, अंगावर भरलंय.
"रात्री मात्र अजून घालते हो कॉलर.
तुम्ही तेव्हा रागावला होतात ना."