मीटर आतल्या बाजूला आहे

रिवणच्या पुढे, रबराची बाग संपते तिथे
चिऱ्यांची भिंत, पुरुषभर उंच,
वर हातभर पत्रा.
पाटी नाही. गेटशी चुन्याच्या पाण्याचं उथळ डबकं,
बूट बुडवल्याशिवाय आत यायचं नाही.
"रोग तुमच्या पायांनी येतो," इनास फुर्ताद म्हणतो.
"त्यांच्या पायांनी कसा येईल? ती कुठे जातात?"

मी वीजखात्याचा माणूस.
महिन्याच्या नऊ-दहा तारखेला येतो.
मीटर आतल्या बाजूला, शेडच्या पाठभिंतीवर.
सात वर्षं झाली, डुक्कर पाहिलं नाही.
युनिटं पाहिली.

त्यावरून कळतं बरंच.
पिलं झाली की तांबडे दिवे, रात्रंदिवस.
मे महिन्यात अठराही पंखे.
आणि जानेवारीत, नाताळ उरकल्यावर,
आकडा असा खाली येतो
जसं घरातलं बिऱ्हाडच उठून गेलंय.
ट्रक रात्री दोनला निघतो, ताडपत्री बांधून.
त्या वेळी रस्त्यावर फक्त पोदेर जागा असतो,
आणि त्याची भट्टी घरात.

आमच्या वाड्यावर डुक्कर दिसायला
कुठे जावं लागत नसे.
पिदादमायच्या पोरसामागे, संडासाच्या उतारावर
ती उभीच असायची, काळी, केसाळ, घाईत.
आम्ही नाक मुरडायचो,
पण चालीवरून ओळखायचो एकेकीला.
कान फाटलेली एक होती. ती एकदा
थेट आमच्या बहिणीच्या लग्नाच्या मांडवात आली,
केळीचा खांब हुंगला, आणि भटजींच्या अंगावरून परत गेली.
आई अजून सांगते, हसते,
मग म्हणते, शी.

मग सरकारी संडास आले, फरशीचे, टाकीवाले.
चांगलंच झालं.
वर्षभरात डुकरं दिसेनाशी झाली,
कुणी हाकललं नाही.
केप्याच्या बाजारात चोरिसांच्या माळा मात्र
होत्या तितक्याच आहेत. कदाचित जास्त.

शेडमध्ये सुकरा मुंडा असतो, खुंटीचा.
मी पावती लिहितो तेवढ्या वेळात बोलतो तो,
मला नाही, समोरच्या भिंतीला.
विणारी पाइपांच्या चौकटीत असते, सांगतो.
उठता येतं, निजता येतं.
वळता येत नाही.
"विणायच्या आदल्या रात्री नाकाने सिमेंट उकरते.
घर करायचं असतं तिला. गवत नाही, काही नाही.
एकीने माझा गमछा ओढून घेतला,
अंगाखाली घातला.
मी परत मागितला नाही."

गेल्या ऑक्टोबरात वायरीवर माड पडला.
लाइनमनबरोबर मीही गेलो, रात्रीचा.
पंखे बंद होते.
सात वर्षांत पहिल्यांदा पंख्यांमागचं ऐकू आलं.
ओरडणं नव्हतं ते. श्वास होता,
शेकडो नाकांचा, दमट, एकात एक अडकलेला,
भरलेल्या देवळात आरतीआधी असतो तसा.
मी झरोक्याला टॉर्च लावला.
एक डोळा.
फिकट, आणि पापण्या पांढऱ्या,
माणसाच्या असतात तशा, एकेक केस सुटा.
तिने माझ्याकडे पाहिलं की उजेडाकडे,
सांगता येत नाही.
मान वळवून दुसरीकडे पाहायची
तिला सोय नव्हती.
मला होती.

मग वीज आली. पंखे आले. बाकीचं गेलं.

आमच्या यंत्रात तीन खुणा असतात:
एक म्हणजे रीडिंग घेतलं,
दोन म्हणजे मीटर बंद,
तीन म्हणजे दार बंद, कुणी नाही.
नोव्हेंबरच्या नऊला गेट सताड उघडं होतं,
चुन्याच्या पाण्यात पाचोळा पडलेला,
सुकरा आतून "या" म्हणाला.
मी रस्त्यावरूनच तीन दाबला.

सरासरीचं बिल गेलं.
फुर्तादने तक्रार केली नाही.