दमलो

पहाटे तीन-दहाचा गजर.
दोन-पन्नासलाच मी जागी,
गजर कधी वाजतोय याची वाट बघत.
हैदराबाद, तिरुपती, परत हैदराबाद,
आणि आता चौथं उड्डाण, घरचं.
हुपरी मागं पडली. समोरच्या काचेत सूर्य असा
की उजळाईवाडीची धावपट्टी
आहे म्हणून मानून घ्यायची.

थकवा आधी डोळ्यांत येत नाही.
डोळे टक्क उघडे असतात.
तो शब्दांच्या मागं जाऊन बसतो
आणि ओळखीचा शब्द
प्रश्न संपायच्या आत पुढं ढकलतो.

"फ्लॅप्स?" कॅप्टन पैंगीणकरांनी विचारलं.
"थर्टी."
काटा पंधरावर होता.
पाहिला होता मी तो. पंधरा. स्वच्छ.
आणि तोंड तीस म्हणून मोकळं झालं,
जसे आरतीत ओठ चालू असतात
आणि मन बाहेर चपला मोजत असतं.

मग काही नाही.
म्हणजे मग खरंच काही नाही.
मधले चार सेकंद माझ्याकडे नाहीत.
उसाचा एक फड होता, नंतर दुसराच होता,
मधला बांध कुणी काढून नेला?
चार सेकंदांत आम्ही जवळजवळ अडीचशे मीटर जातो,
मागं अडुसष्ट माणसं,
त्यातलं एक बाळ रडत होतं, ते मात्र ऐकू येत होतं.

उजव्या खिडकीत शिरोलीची धुराडी.
तिथं अण्णा एकोणतीस वर्षं, तिसरी पाळी.
त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट
पेरापाशी संपतं.
लहानपणी विचारलं होतं, झोप लागली होती काय?
"झोप डोळ्यात येत न्हाई पोरी, हातात येती.
हात जागा हाय असं वाटतंय,
आणि त्यो कवाच झोपलेला असतोय."

मी काट्याकडे परत पाहिलं.
पंधरा.
"गो अराउंड," मी म्हणाले.
पैंगीणकरांनी एकदाच माझ्याकडे बघितलं,
तेही त्याच तीन-दहाचे होते,
आणि नाक वर उचललं.

वरून पुन्हा पंचगंगेचं वळण,
पुन्हा दिवे लागलेला कारखाना.
"काय झालं?" त्यांनी विचारलं, बऱ्याच वेळानं.
शिकवलेली वाक्यं होती माझ्याकडे, इंग्रजीत, नीट घडी घातलेली.
ती सापडली नाहीत.
"दमलो," मी म्हणाले.
आमच्याकडे बायका असंच बोलतात: आलो, गेलो, जेवलो.
आठ वर्षं लागली होती ते जिभेवरून पुसायला.
गोव्याच्या माणसाला काय कळलं कुणास ठाऊक.
ते म्हणाले, "हांव पण."
आणि यावेळी प्रत्येक आकडा
आम्ही दोघांनी बोट लावून वाचला,
पहिलीतल्या पोरांसारखा.

उतरताना एक पाहुणे, फेटा काखेत:
"काय ओ म्याडम, गाव इसरलासा व्हय?"
मी हसले. तेवढंच जमत होतं.

राजारामपुरी, आठवी गल्ली, रात्रीचे नऊ.
मोबाइलवर फॉर्म उघडा:
एक ते सात, आपला थकवा किती?
कारण थोडक्यात लिहा.
उद्या रिपोर्टिंग साडेपाचला.
चार लिहिलं. खोडलं. सहा लिहिलं.
सहा लिहिलं की फोन येतो,
फोन गोड असतो, आणि पुढच्या महिन्याचा रोस्टर नसतो.

"किती झोपलीस?" अण्णांनी विचारलं.
"पाच तास."
त्यांनी ते अपुरं बोट टेबलावर टेकवलं, बोलले नाहीत.

मग कारणाच्या चौकोनात मी टाइप केलं: दमलो.
मुंबईच्या ऑफिसात कुणीतरी
लिंगाची चूक म्हणून दुरुस्त करील.
करू दे.

अण्णांनी वाकून माझ्या एका पायातला बूट काढला.
दुसरा कधी निघाला
मला आठवत नाही.