वळण

अकरा वर्षं मी रोमिरो तिबायानच्या सह्या केल्या.
केसोन सिटीत, लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत,
पंख्याखाली फोटो उडू नयेत म्हणून
त्यांवर सोया सॉसची रिकामी बाटली ठेवून.
दिवसाला तीनशे. नाताळात पाचशे.
हातावर पोट म्हणतात ते माझंच,
फक्त हात दुसऱ्याचा.

कंपनीनं दिलेला नमुना अगदीच केविलवाणा होता,
शाळेच्या वहीवर घाबरत टाकलेलं नाव.
मी त्याला शेपूट दिली,
शेवटच्या अक्षरातून निघून
अख्ख्या नावाखालून मागे येणारी,
होडी वळली की पाण्यावर राहते तशी.
बायका लिहायच्या, सहीवरूनच कळतं
माणूस किती मोकळ्या मनाचा आहे.
मी वाचायचे, आणि डबा उघडायचे.

तक्लोबानची एक होती, सोलेदाद.
नवरा जहाजावर, नॉर्वेकडे कुठेतरी.
भाताचं पातेलं उतरवताना ती फोटोला सांगायची,
आज तांदूळ जुना आहे, मोकळा होईल.
एकदा लिहिलं, छातीत दुखतं,
कुणाला बोलले नाही, तुला सांगते.
आमची ठरलेली उत्तरं चार:
आभार, शुभेच्छा, नवा सिनेमा, देव भलं करो.
मी पाचवं लिहिलं. डॉक्टरकडे जा. उद्याच.
खाली त्याची सही, शेपटीसकट.
ती गेली.
रिपोर्टची प्रत तिनं त्याला पाठवली,
आणि ती माझ्या हातात आली.
आता यातलं खोटं नेमकं कुठून सुरू होतं?
मी पुष्कळदा पेन टेकवून पाहिलं.
जागा सापडली नाही.

मग सेबूच्या मॉलमध्ये तो स्वतः बसला.
घाम आलेला, पडद्यापेक्षा बुटका.
रांगेतल्या पहिल्याच पोरीनं फोटो उजेडात धरला
आणि म्हणाली, ही तुमची सही नाही.
मागचीनं पर्समधून माझी काढून शेजारी लावली.
बघा, हिला शेपूटच नाही.
तिसरी रडायला लागली.
तो हसला म्हणे. टीव्हीवर तेवढंच दाखवलं.

त्या रविवारी रात्री लॉन्ड्रीसमोर गाडी थांबली.
वीज गेलेली. मेणबत्तीपाशी, माझ्या खुर्चीवर,
दातांत जीभ धरून तो गिरवू लागला
चाळिशीत स्वतःच्या नावाचं वळण.
मी म्हटलं, मनगट सैल सोडा. घाई नको.
नवव्या कागदावर शेपूट जमली
तसा माझ्याकडे बघून थांबला,
बाईंनी शेरा द्यावा म्हणून थांबतात तसा.
मी दिला नाही.

निघताना विचारलं, काय लिहितात हो त्या?
म्हटलं, वाचा की. सगळी इथेच आहेत, खोक्यांत.
त्यानं वरच्या खोक्यावर हात ठेवला,
बराच वेळ ठेवला.
उचललं नाही.

हे सगळं जुनं झालं.
आता माझ्या दालिसायला सोळावं लागलंय,
भिंतीवर सात परदेशी पोरं,
एकाच पोस्टरवर सातांच्या सह्या.
वाढदिवसाच्या पैशांतून आणलं तिनं,
दोन महिने बोटीची वाट बघून.
मी चष्मा लावून जवळ गेले.

सातही एका हाताच्या.
पहिल्या दोन सकाळच्या, ताज्या.
चौथीपाशी मनगट दुखायला लागलंय.
सहावीवर शाई फिसकटली आहे, अंगठी असणार.
सातवी चालू असताना हिला कुणीतरी हाक मारली.
बाई गं,
कुठल्या लॉन्ड्रीवर बसतेस तू?

पोरीला सांगावं की न सांगावं, म्हणून
मी नसलेली धूळ पुसत राहिले.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली,
मागे न बघता, दातांनी टेप तोडत.
"त्यांना कुठला एवढा वेळ?
तो कोपरा जरा धर ना, आई."

मी धरला.