दोन बोटं जास्त

हप्त्यांवर घेतला होता हा डबा, मडगावच्या शोरूममधून,
चतुर्थीच्या सवलतीत, माउसपॅड फुकट.
सेल्समन म्हणाला होता, गेमबीम सगळं चालतं.
चालायचं.
म्हणजे अगदी चालायचंच, पायी.
शत्रू गोळी झाडायचा
आणि मी मेल्यावर ती मला दिसायची.

काजूच्या फॅक्टरीत अख्खा मे पोती मोजली
आणि एझिकेल कुलासोकडून ग्राफिक्स कार्ड उचललं,
वापरलेलं, दोन पंख्यांचं,
एका पंख्याला किंचित खोकला.
तो म्हणाला होता, आधी पॉवर सप्लाय बघ.
मी कुठला बघतोय!
एकशे ऐंशी वॅट.
तेवढी तर एकट्या कार्डाची भूक.
आणि कंपनीची केबल कुणाच्याच घराण्यात न बसणारी,
सगळ्या जगाला चोवीस पिना, हिला सहा.
म्हणून नवा सप्लाय, सप्लायसाठी जोडतार,
जोडतारेसाठी अकरा दिवस कुरिअरवाल्याची मनधरणी.
सगळं आलं तेव्हा कार्डच आत जाईना.
हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा.
दोन बोटं जास्त.

पप्पा शेडच्या पायरीवर बसले होते.
कुडचड्यात निम्म्या ट्रकांच्या हौदांना
त्यांच्या हातचे टाके आहेत.
खाणी थांबल्यापासून गेट, ग्रील,
कधी कुणाच्या देवघराची जाळी.
त्यांच्याकडे डबा न्यायचं माझ्या मनात नव्हतं.
त्यांनीच हात पुढे केला. "पळोवया."

उलटा केला, सुलटा केला, नखानं वाजवला.
"हो पत्रो? हाचेपरस तेलाचो डबो बरो."
मग स्क्रूवरचा स्टिकर वाचला, मोठ्यानं,
एकेका इंग्रजी शब्दाखाली बोट ठेवून:
हा फाटल्यास कंपनी जबाबदार नाही.
चष्मा कपाळावर सारला. माझ्याकडे बघितलं.
फाडला.

आधी आतलं सगळं बाहेर, म्हणाले,
लोखंडाचा कीस गेला की संपलं.
मदरबोर्ड कुरिअरच्या खोक्यात घालून
आईनं फ्रिजवर ठेवला, मांजराच्या भीतीनं,
आणि विचारलं, ह्याला उन्हाची झळ चालते ना?

पप्पांनी व्हर्निअर काढला.
कितीतरी वर्षं मी तो खिळ्यालाच बघत होतो,
तेलाचा हात दिलेला.
माप घेतलं. खडूची रेघ.
पुन्हा माप.
ग्राइंडर सुरू झाला तसा
पलीकडचा बेनितो काका गेटवर आला,
कुणाचं काम मिळालं, विचारायला.
"घरचेंच," पप्पा म्हणाले,
पण त्याआधी ग्राइंडर बंद करून
उगाच चाकाचा नट आवळला.

कापलेली कड कानशीनं घासली.
तिथं कुणाचाही हात जाणार नव्हता.
अंगठा फिरवला, परत घासली.

रात्री साडेनऊला बटण दाबलं.
पंखे फिरले, खोकणारासुद्धा.
स्क्रीनवर डोंगर उभा राहिला,
गवताची पात अन् पात वेगळी,
इतकं नितळ की आधी मला ते खोटंच वाटलं.
मी बंदूक उचलली.
पप्पा मागे उभे. गेमकडे लक्ष नाही,
कान डब्याकडे.
"आवाज येता."
मला नव्हता येत.
ते वाकले, पत्र्यावर तळवा टेकवला,
आणि जी थरथर मी ऐकतच नव्हतो
ती थांबल्यावर मला कळली.
"रबर जाय. फाल्यां हाडटां."

तरी हात तसाच ठेवून उभे राहिले.
तोवर मी तीनदा मेलो.
तिन्ही वेळा
गोळी येताना दिसली.