तीन टक्के

मोगरीच्या छातीच्या हाडातली मज्जा
सकाळी साडेसहाला पाषाणला पोचली,
बर्फाच्या डब्यात, वर कालचा पेपर गुंडाळून,
बाबालाल पठाणच्या स्कूटरच्या पायदानावर,
रेसकोर्सच्या मागच्या फाटकापासून.
पावती द्या, म्हणाला. मी लिहिलं :
घोडी, वय चार, पुढचा डावा पाय,
कंडरेत मधोमध भोक, सुपारीएवढं.

त्याला कंडरा कळेना.
मी चप्पल काढून टाचेमागं बोट ठेवलं.
"धोंडशीर म्हणा की,
हिची पुढं आहे, इतकंच."

पेशी तळाला चिकटायला दोन दिवस घेतात.
अर्ध्या बशा मोकळ्या हवेच्या पेटीत ठेवल्या :
एकवीस टक्के प्राणवायू, युनिव्हर्सिटी चौकात
सिग्नलला उभे राहून आपण ओढतो तोच,
फक्त गाळलेला.
अर्ध्या दुसऱ्या पेटीत. तिथं नायट्रोजन सोडत
आकडा खाली आणायचा.
दहा. सात. पाच.
तीनवर झडप टक् करते.
घरी फ्रीज बंद झाल्याचा आवाज आला
तरी मी मनात तीन म्हणते.

नवव्या दिवशी भिंगाखाली :
मोकळ्या हवेतल्या पसरलेल्या, सुटलेल्या पोटाच्या,
एकीच्या दोन व्हायचं विसरलेल्या.
तीनमधल्या सडपातळ, चातीसारख्या,
एकीला एक लागून, सगळ्या एका दिशेला,
जणू कुणी पेळू घेऊन येणार आहे.

बाबालाल दर मंगळवारी चौकशीला येतो.
काचेतून पेटी दाखवली.
"वारा कोंडता होय यांचा?"
कोंडत नाही, सवयीचा देते.
हाडाच्या पोकळीत थोडाच असतो,
आणि कंडरेत रक्त फिरकतं बेतानं,
धायरीला टँकर येतो तसं.
जिथं नांदायचं, तिथली हवा आधीच लागू दे.
तो आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला.
"आणि पळते ती अख्खा वारा पिऊन."

याची म्हण करू नका.
टंचाईत माणूस घडतो, वगैरे.
गेल्या मार्चमध्ये रेग्युलेटर अडकला,
नायट्रोजन रात्रभर येतच राहिला,
सकाळी आकडा शून्य पूर्णांक दोन
आणि दुसऱ्या एका घोड्याच्या पेशी तरंगत होत्या,
गोल, भिजल्या साबुदाण्यासारख्या.
ब्लीच घालून सिंकमध्ये ओतल्या.
वहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं, "झडप".
कमी म्हणजे किती कमी,
माझी सगळी नोकरी एवढ्यावर चालते.
बाबालाल तबेल्यामागं सहाजणांत झोपतो,
पत्र्याखाली, एका खिडकीत.
त्याचा आकडा कुणी घेतलेला नाही.

सहाव्या बुधवारी डॉक्टर किन्हीकरांनी
तीनमधल्या दोन कोटी पेशी
सुईनं त्या भोकात सोडल्या.
मोगरीनं कान पाडले.
बाबालालनं तिच्या नाकाशी तळवा धरला
आणि काहीतरी पुटपुटत राहिला, मोजत असावा.
सोनोग्राफीवरचा काळा ठिपका
काळाच होता.
तो भरेल का, मला ठाऊक नाही.
शर्यतीचं तर मालकही बोलेना.

आता पहाटे पाचला वाळूवर
नुसतं चालवायचं. दहा मिनिटं. पुढच्या महिन्यात वीस.
काल मी मुद्दाम घोरपडीच्या बाजूनं गेले.
थंडी मजबूत. तिच्या नाकपुड्यांतून वाफ,
त्याच्या मफलरमधूनही.
मला बघून त्यानं दोर डाव्या हातात घेतला
आणि उजव्याची तीन बोटं वर केली.
मला वाटलं, पेटीचं विचारतोय.
मी मान हलवली.
तिसरी फेरी होती ती.