डावा गुडघा

पहिल्या भागात मी अकरा वेळा मेलो.
मिशी लावून, मिशी काढून, एकदा दाढीसकट,
एकदा नुसताच पाठमोरा.
पेर्निकच्या जुन्या दगडखाणीत,
जिला पडद्यावर कुठलंसं वाळवंट म्हणायचं होतं.
दर मरणाचे चाळीस लेव्हा. पेटून मेलं तर साठ.

नात म्हणते, आजोबा, दोन्ही लागोपाठ बघू.
ऑक्टोबरातला रविवार. बाल्कनीत स्नेझांका
लाल मिरच्या भाजते आहे.
तिचा धूर खोलीत येतो, पहिला भाग सुरू होतो,
आणि कुठला धूर कुठला ते कळेनासं होतं.

नायक काडतुसांच्या एकाच पट्ट्यावर
बावीस मिनिटं गोळ्या झाडतो.
हेलिकॉप्टर शेपटीला धरून खाली ओढतो.
पत्र्याचं होतं, पातं आम्ही तिघं
खालून दोरीने फिरवत होतो.
पूल मात्र खरा उडवला.
म्हणजे पूल खोटा, उडवला खरा.
एकच होता. म्हातारा बोगोमिल दारूवाला
(स्फोटाची दारू; दुसरी तो नंतर प्यायचा)
वारा पडायची वाट बघत तीन तास उकिडवा,
सत्तर माणसं श्वास धरून,
आणि कुणीतरी शिंकलं.
एक फळी माझ्या डोक्यावरून गेली.
अजून जाते. एक तास सात मिनिटांनी,
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात.

सातव्या मरणात छतावरून पडायचं होतं
केळ्यांच्या रिकाम्या खोक्यांवर.
खोकी जागेवर होती. मी जरा डावीकडे गेलो.
थांब, योआना, मागे घे. अजून. हां, इथे.
त्याने मला ढकललं, मी गेलो,
आता तो काठावरून वाकतो. ओठ बघ त्याचे.
लोकांना वाटतं, शिवी हासडली.
सॉरी म्हणाला तो.
शत्रूला. चालू कॅमेऱ्यात.
संकलनाच्या टेबलावर कुणालाच दिसलं नाही.

दुसरा भाग.
पूल सतरा उडतात. मग धरण, मग एक आख्खं शहर,
शेवटी चंद्राला तडा जातो
आणि हा पठ्ठ्या त्यातून मोटारसायकल काढतो.
एवढं होऊन एकही फळी
कुणाच्या डोक्यावरून जात नाही.
योआना सोफ्यावर उड्या मारते. हा भारी आहे, आजोबा!
आहेच. मीही पुढे सरकून बसलोय,
खोटं कशाला बोलू.

ह्यात मला अर्ध्या दिवसाचं काम होतं.
सोफियातली एक पांढरी खोली,
अंगाला चिकटलेला पोशाख, भोवती दोनशे कॅमेरे.
चाला. वळा. घाबरा. अजून थोडं घाबरा.
मग एक सँडविच आणि सही.
कुठूनच पडलो नाही. घरी बसने आलो.

आणि आता डोंगर उतरून सैन्य येतंय,
चार हजार, काळी शिरस्त्राणं, चेहरा कुणालाच नाही.
नायक एका फटक्यात चारशे धारातीर्थी पाडतो.
मागून आणखी येतात.
योआना एकदम गप्प होते.
उठून पडद्याला नाक लावते.
आजोबा, हे सगळे लंगडतात.

खरंच की. सगळे. डाव्या पायाने.
माझं सातवं मरण गुडघ्यात घेऊन
चार हजार जण उतार उतरताहेत,
आणि एकालाही ठाऊक नाही
आपण खोक्यांच्या बाजूला पडलो कधी.
ओठ कुणाचेच हलत नाहीत. मी नीट बघितलं.

काजळलेली बोटं पुढे धरून स्नेझांका दारात येते.
ह्या खेपेला किती वेळा मेलास?
मोजतोय.
नंतर मोज. मिरच्या सोलायच्या आहेत.

मी उठतो.
योआना मागून माझ्याच चालीने येते, मुद्दाम,
एक पाय ओढत.
फार छान जमतं तिला.